वाय कॉम्बिनेटरचा सेफ करार: संस्थापकाच्या हातून काय जाते आणि केव्हा

नवजात कंपन्यांना सुरुवातीचे भांडवल देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने २०१३ च्या अखेरीस एक छोटा करारनामा सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. त्याचे नाव सेफ. गुंतवणूकदार आज पैसे देतो आणि पुढे मोठी गुंतवणूक येईल तेव्हा त्या पैशांचे समभागांत रूपांतर होते, असा हा करार. संस्थेतील वकील कॅरोलिन लेव्ही यांनी तो तयार केला होता, आणि नवजात कंपनीत पहिले पैसे घालताना तोवर वापरल्या जाणाऱ्या कन्व्हर्टिबल नोटची जागा त्याने घ्यावी, हा त्यामागचा हेतू होता. २०१८ मध्ये त्याची पोस्ट-मनी आवृत्ती आली आणि आज सेफ म्हटले की बहुतेक वेळा तीच अभिप्रेत असते. मोजकी पाने, भरायच्या जागा थोड्या आणि भाषा वकिली करारांच्या मानाने बरीच स्वच्छ, असा हा दस्तऐवज आहे. त्याच्या सोयीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मी येथे त्याची पारख एकाच प्रश्नापुरती करणार आहे: ज्यांनी कंपनी उभी केली त्यांच्या हाती ती राहावी, यासाठी हा करार कितपत उपयोगी पडतो?

माझे मत प्रथमच नोंदवतो. सही होते त्या दिवशी सेफ संस्थापकाकडून नियंत्रणाचा कोणताही अधिकार काढून घेत नाही. त्याने कमी होते ते पुढच्या वाटाघाटीतले संस्थापकाचे बळ, आणि कंपनी कोणाच्या हाती राहणार हे नेमके त्याच वाटाघाटीत ठरते. करार चांगला आहे, प्रामाणिकपणे लिहिलेला आहे, आणि मी तो वापरण्याचाच सल्ला देईन. परंतु सहीच्या दिवशी काहीच गेले नाही या समाधानात अनेक संस्थापक पुढची दोन वर्षे काढतात, आणि ते समाधान महागात पडते.

सेफने जे दिले ते थोडके नाही, हे आधी मान्य करायला हवे. कन्व्हर्टिबल नोट मुळात कर्ज असते. त्यावर व्याज चढते आणि त्याला परतफेडीची मुदत असते. त्या मुदतीत कंपनीला मोठी गुंतवणूक मिळाली तर कर्जाचे रूपांतर समभागांत होते आणि विषय मिटतो. मिळाली नाही, तर नोटधारकाला पैसे परत मागण्याचा हक्क असतो. प्रत्यक्षात तो सहसा मागत नाही, कारण परत देण्याजोगे पैसे कंपनीच्या खात्यात उरलेलेच नसतात. मात्र मुदतवाढ देताना तो अटी घालू शकतो: मूल्यांकन खाली आणावे, संचालक मंडळावर आपला माणूस घ्यावा, मुख्य कार्यकारी अधिकारी बदलण्याचा विचार व्हावा. या मागण्या संस्थापकासमोर येतात त्या त्याच्या सर्वांत अडचणीच्या महिन्यात, आणि तेव्हा नाही म्हणण्याची ताकद त्याच्याकडे नसते. सेफमध्ये व्याज नाही आणि मुदतही नाही. पैसे देणाऱ्याने कितीही वर्षे वाट पाहिली तरी कंपनीला दिवाळखोरीच्या दारात उभे करण्याचे हत्यार त्याच्या हाती येत नाही. केवळ या एका गोष्टीसाठीही मी नोटपेक्षा सेफला पसंती देईन.

रूपांतर होईपर्यंत सेफधारक भागधारक नसतो. त्याला मत नाही, संचालक मंडळावर जागा नाही, कंपनीच्या कोणत्याही निर्णयावर नकाराधिकार नाही. कंपनी विकली गेली तर त्याला गुंतवलेली रक्कम किंवा त्याच्या हिश्शाइतके मूल्य, यांपैकी जे अधिक असेल ते मिळते. कंपनी बंद पडली तर इतर देणी फिटल्यावर, पण साध्या समभागधारकांच्या आधी, त्याची रक्कम परत करावयाची असते. दरम्यान कंपनीने साध्या समभागांवर रोख लाभांश वाटला तर त्यातही त्याचा वाटा निघतो, ही तरतूद फारशा लोकांच्या लक्षात नसते, पण न्याय्य आहे. करारातील आणखी एक कलम मला विशेष आवडते. त्यात दोन्ही पक्ष असे मान्य करतात की हा प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांपैकीच एक आहे आणि रिकाम्या जागा भरण्यापलीकडे त्यात बदल केलेला नाही. अनुभवी गुंतवणूकदारासमोर बसलेल्या नवख्या संस्थापकाला या एका वाक्याचा मोठा आधार मिळतो, कारण मजकुरात गुपचूप घुसवलेली अट शोधत बसण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. अर्थात वेगळे पत्र जोडून हवे ते मागता येतेच. त्याकडे मी शेवटी येईन.

आता हिशेबाकडे वळू, कारण सेफचा खरा परिणाम हिशेबात दडलेला आहे. पोस्ट-मनी सेफमध्ये गुंतवणुकीची रक्कम भागिले मूल्यांकनाची कमाल मर्यादा, म्हणजेच व्हॅल्युएशन कॅप, एवढे केले की गुंतवणूकदाराचा हिस्सा निघतो. पाच लाख डॉलर आणि पन्नास लाखांची कॅप असेल तर १० टक्के. हा हिस्सा सगळे सेफ रूपांतरित झाल्यानंतरचा, पण नव्या मोठ्या गुंतवणूकदाराचे पैसे येण्यापूर्वीचा असतो. २०१३ च्या मूळ आवृत्तीत कॅप इतर सेफ वगळून मोजली जात असे, त्यामुळे नंतर सही केलेला सेफ आधीच्या सेफधारकांचाही हिस्सा थोडा कमी करी, आणि अखेर कोणाच्या वाट्याला किती आले हे रूपांतराच्या दिवसापर्यंत कोणालाच नीट सांगता येत नसे. नव्या आवृत्तीने ती संदिग्धता संपवली. तिची किंमत मात्र संस्थापकाने मोजली. आता प्रत्येक सेफधारकाचा टक्का इतर सेफपासून सुरक्षित असतो. नवा सेफ दिला की तो संपूर्णपणे संस्थापकांच्या, आणि ज्यांच्याकडे आधीपासून साधे समभाग किंवा पर्याय (ठरलेल्या भावाने पुढे समभाग घेण्याचा हक्क) आहेत त्यांच्या वाट्यातून जातो. उलट एक बाब संस्थापकाच्या बाजूने सुधारली: गुंतवणुकीच्या मोठ्या फेरीच्या निमित्ताने ऑप्शन पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांना असे पर्याय देण्यासाठी राखलेला वाटा, वाढवला, तर त्या वाढीचा भार साधारणपणे सेफधारकही वाटून घेतात. जुन्या आवृत्तीत तसे नव्हते.

एक काल्पनिक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, कारण टक्क्यांबद्दल मोघम बोलून कोणाचेही भले होत नाही. समजा दोन संस्थापकांकडे मिळून ९० टक्के आणि सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या पर्यायांमध्ये १० टक्के आहेत. कंपनीने पहिला सेफ दिला पाच लाख डॉलरचा, कॅप पन्नास लाख. म्हणजे १० टक्के. आठ महिन्यांनी काम चांगले चालले, म्हणून दहा लाख डॉलर घेतले, कॅप ऐंशी लाख, म्हणजे १२.५ टक्के. त्यानंतर मोठी फेरी लांबली, म्हणून मधल्या काळासाठी आणखी साडेसात लाख, कॅप एक कोटी, म्हणजे ७.५ टक्के. प्रत्येक वेळी कॅप वाढत गेली, प्रत्येक वेळी आपण आधीपेक्षा चांगल्या भावाने पैसे घेतले असे संस्थापकांना वाटले, आणि ते खरेही होते. परंतु बेरीज ३० टक्के झाली. उरलेल्या ७० टक्क्यांपैकी संस्थापकांचे ६३ आणि कर्मचाऱ्यांचे ७. मग सिरीज ए ची, म्हणजे मूल्यांकन ठरवून समभाग देण्याची पहिली मोठी फेरी येते. नवा गुंतवणूकदार २० टक्के मागतो आणि फेरीनंतर १० टक्क्यांचा नवा, कोणालाही न वाटलेला पूल असावा अशी अट घालतो. आधीच्या सगळ्यांचे हिस्से ०.७ ने गुणले जातात. संस्थापकांकडे उरतात ४४.१ टक्के, सेफधारकांकडे २१, कर्मचाऱ्यांकडे ४.९. पहिल्या सेफवरच ते थांबले असते, तर याच फेरीनंतर त्यांच्याकडे ५६.७ टक्के राहिले असते.

अर्ध्याखालचा हा आकडा पाहून घाबरण्याआधी एक तपशील ध्यानात घ्यावा. न वाटलेल्या पूलला मत नसते, आणि कर्मचाऱ्यांनी आपले पर्याय वापरून समभाग घेतलेले नसतील तर त्यांनाही मत नसते. प्रत्यक्ष मतदानात वरच्या उदाहरणातील संस्थापकांकडे ८५.१ पैकी ४४.१, म्हणजे जवळजवळ ५२ टक्के मते येतात. कागदावर अल्पमत, मतपेटीत बहुमत. कॅप टेबलमधला, म्हणजे कोणाकडे किती हिस्सा आहे त्या तक्त्यातला, एक टक्का पाहून नियंत्रण गेले किंवा राहिले असे ठरवणारे सल्लागार हा भेद सांगत नाहीत, आणि सांगायला हवा.

याच उदाहरणात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. सेफचे रूपांतर प्राधान्य समभागांत होते, म्हणजे साध्या समभागांच्या आधी पैसे परत मिळण्याचा आणि काही खास हक्क असलेल्या समभागांत. या समभागांची वेगळी उपमालिका असते, पण त्यांचे हक्क नव्या गुंतवणूकदाराच्या समभागांसारखेच असतात. मुख्य फरक असा की भाव वेगळा असतो आणि विक्रीच्या वेळी आधी परत मिळण्याची रक्कम प्रत्यक्ष गुंतवलेल्या पैशांइतकीच धरली जाते. हे शेवटचे कलमही संस्थापकाच्या हिताचे आहे, कारण जुन्या नोटमध्ये स्वस्तात रूपांतर होऊनही प्राधान्याची रक्कम पूर्ण भावाने धरली जाण्याचा धोका असे. पण प्राधान्य समभागधारकांच्या वर्गाला म्हणून काही नकाराधिकार दिले जातात: नवे समभाग काढणे, कंपनी विकणे, घटनापत्र बदलणे, ठरावीक मर्यादेपलीकडे कर्ज घेणे. या वर्गात आपल्या उदाहरणातील नवा गुंतवणूकदार २० टक्क्यांचा धनी आहे आणि सेफधारक मिळून २१ टक्क्यांचे. म्हणजे वर्ग एकत्र मतदान करणार असेल, तर कंपनी विकायची की नाही याबाबत निर्णायक बहुमत दोन वर्षांपूर्वी घाईघाईत सह्या घेतलेल्या छोट्या गुंतवणूकदारांच्या हाती असू शकते. नवा गुंतवणूकदार अनुभवी असेल तर तो हे टाळण्यासाठी नकाराधिकार आपल्याच मालिकेपुरता मागतो, आणि मग सगळी किल्ली त्याच्याकडे जाते. दोन्हींपैकी संस्थापकाला काय बरे, याचा विचार सेफवर सही करताना सहसा कोणी केलेला नसतो. सेफ कोणाकडून घ्यायचा याची निवड म्हणूनच रकमेइतकीच विचारपूर्वक करावी, कारण आज मत नसलेला हा माणूस उद्या मतदार होणार आहे.

सेफ ज्यांबद्दल काहीच बोलत नाही त्या गोष्टी आता पाहू. अशा अनेक अमेरिकी कंपन्यांची नोंदणी ज्या राज्यात होते त्या डेलावेअरच्या कंपनी कायद्यानुसार कंपनीचा कारभार संचालक मंडळाच्या देखरेखीखाली चालतो, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला नेमणे वा काढणे हे मंडळाचे काम आहे. बहुमत असलेल्या भागधारकाला संचालक बदलता येतात, हे खरे. परंतु मोठ्या फेरीत जो मतदान करार केला जातो, त्यात कोणत्या जागेवर कोणाचा माणूस बसेल हे आधीच बांधून टाकलेले असते, आणि संस्थापक आपली मते त्या कराराप्रमाणे देण्यास वचनबद्ध होतो. संस्थापकाकडे ५२ टक्के मते असली तरी पाचजणांच्या मंडळावर त्याचे दोन, गुंतवणूकदारांचे दोन आणि परस्परसंमतीने एक त्रयस्थ अशी रचना मान्य केली, तर त्याला घरी पाठवण्याचा निर्णय त्या त्रयस्थाच्या मतावर ठरतो. नियंत्रण जाते ते बहुधा याच कागदावर. त्याच फेरीत संस्थापकांच्या स्वतःच्या समभागांवर नव्याने कालबद्ध अटी घातल्या जातात, म्हणजे कंपनीतून बाहेर पडावे लागल्यास न पिकलेले समभाग परत द्यावे लागतात. आणि ठरावीक बहुमताने विक्री ठरली तर सर्वांनी आपले समभाग विकलेच पाहिजेत, असे कलमही येते. सेफमध्ये यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही, आणि तो असायला हवा अशी अपेक्षाही योग्य नाही. त्याचे कामच ते नाही. मात्र संस्थापकाने ते प्रश्न सुटले असे समजू नये, पुढे ढकलले गेले आहेत एवढेच समजावे.

मंडळाचे महत्त्व सांगायला मोठ्या कंपन्यांचा इतिहास पुरेसा आहे. १९८५ मध्ये अॅपलच्या मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन स्कली यांची बाजू घेतली आणि सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांच्याकडून मॅकिंतॉश विभागाची सूत्रे काढून घेतली. जॉब्स कंपनीतील मोठे भागधारक होते, तरी त्याचा उपयोग झाला नाही. उबरचे सहसंस्थापक ट्रॅव्हिस कॅलनिक यांच्याकडे जादा मताधिकाराचे समभाग होते आणि २०१६ मध्ये मंडळावर निर्माण केलेल्या तीन नव्या जागा भरण्याचा हक्कही त्यांनी मिळवला होता. तरीही जून २०१७ मध्ये पाच प्रमुख गुंतवणूकदारांच्या दबावाखाली त्यांना मुख्य कार्यकारी पद सोडावे लागले, आणि ऑगस्टमध्ये बेंचमार्क या गुंतवणूक संस्थेने त्या तीन जागांवरूनच त्यांच्याविरुद्ध डेलावेअरच्या न्यायालयात दावा लावला. पुढे सॉफ्टबँक या जपानी कंपनीच्या गुंतवणुकीबरोबर उबरमध्ये एका समभागाला एकच मत हा नियम आला. याउलट २०१२ मध्ये फेसबुकचे समभाग बाजारात आले तेव्हा मार्क झुकरबर्ग यांची मालकी सुमारे २८ टक्के होती, पण प्रत्येकी दहा मतांचे समभाग आणि इतर भागधारकांनी त्यांच्या स्वाधीन केलेली मते मिळून मताधिकार सुमारे ५७ टक्के होता. मालकी आणि नियंत्रण एकमेकांपासून किती दूर नेता येतात याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आणि हे सारे वाटाघाटीतून मिळवावे लागते; समोरच्याला आपली गरज अधिक असते तेव्हाच ते मिळते.

ज्यांना ही उदाहरणे अपवादात्मक वाटतील त्यांच्यासाठी नोम वासरमन या अमेरिकी अभ्यासकांचे संशोधन आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सुरू झालेल्या २१२ अमेरिकी कंपन्यांची माहिती त्यांनी तपासली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. कंपनी तीन वर्षांची होईपर्यंत निम्मे संस्थापक मुख्य कार्यकारी पदावर उरले नव्हते. चौथ्या वर्षी ४० टक्केच त्या पदावर होते. आणि कंपनी शेअर बाजारात नेईपर्यंत टिकलेल्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहूनही कमी होते. सेफचा जन्म या कंपन्यांनंतरचा आहे, त्यामुळे त्याच्यावर याचा दोष नाही आणि श्रेयही नाही. तरी या आकड्यांवरून एक दिसते: संस्थापकाचे पद जाण्याचा काळ आणि पहिल्या मोठ्या फेऱ्यांचा काळ हा बराचसा एकच असतो, आणि त्या फेऱ्यांना सामोरे जाताना त्याच्या हाती काय शिल्लक आहे याला म्हणूनच महत्त्व आहे.

सेफ वापरून पोहोचलेल्या संस्थापकाच्या हाती काय असते? त्याने दोन वर्षे मंडळाशिवाय, म्हणजे कागदोपत्री स्वतःच्याच मंडळाने, कंपनी चालवलेली असते. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे आणि त्याचा उपयोग करून कंपनी खरोखर पुढे गेली असेल तर त्यासारखे दुसरे बळ नाही. पण अनेकदा तसे घडलेले नसते. पैसे संपत आलेले असतात, ३० टक्के आधीच वाटून झालेले असतात, आणि संचालकांच्या जागा, नकाराधिकार, स्वतःच्या समभागांवरील अटी यांबद्दल तो आयुष्यात प्रथमच बोलत असतो. समोर मात्र अशा शेकडो फेऱ्या पाहिलेला माणूस बसलेला असतो. शिवाय नवा गुंतवणूकदार कॅप टेबल पाहून म्हणतो की संस्थापकांकडे एवढेच उरले असेल तर त्यांना टिकवण्यासाठी पूल आणखी मोठा हवा, आणि तो वाढीव पूलही पुन्हा त्यांच्याच वाट्याला कात्री लावतो. येथे सेफच्या रचनेबद्दल माझी एक ठोस तक्रार आहे. करारात आधी दिलेल्या सेफची यादी आणि त्यांची एकूण टक्केवारी लिहिण्याची जागाच नाही. वाय कॉम्बिनेटरने सोबत मार्गदर्शिका दिली आहे आणि तिच्यात उदाहरणे सोडवून दाखवली आहेत, हे मान्य. पण मार्गदर्शिका वाचायची की नाही हे वाचणाऱ्यावर राहते, तर करारातली रिकामी जागा भरावीच लागते. ‘या सहीनंतर सर्व सेफ मिळून इतके टक्के, संस्थापकांकडे इतके टक्के’ अशी एक ओळ करारात असती, तर तिसरा सेफ देताना अनेकांचा हात थांबला असता. जोवर ती नाही तोवर संस्थापकाने प्रत्येक सहीपूर्वी ती स्वतः लिहून काढावी, आणि त्यापुढे एक संभाव्य सिरीज ए गृहीत धरून त्यानंतरचा आकडाही लिहावा.

दुसरा पर्याय म्हणजे सुरुवातीलाच मूल्यांकन ठरवून समभाग देणे. त्याला वकिलांचा खर्च अधिक येतो आणि आठवडे लागतात. पण मंडळाची रचना, मतदान करार, संस्थापकांच्या समभागांवरील अटी हे सगळे तेव्हाच लिहिले जाते, आणि रक्कम लहान असल्यामुळे गुंतवणूकदार फार मागण्या करू शकत नाही. तीनजणांच्या मंडळावर संस्थापकांच्या दोन जागा अशी रचना एकदा कागदावर आली की पुढचा गुंतवणूकदार तीच हाती घेऊन बोलणी सुरू करतो. कोऱ्या कागदावरून सुरू करण्यापेक्षा हे संस्थापकाला पुष्कळ सोयीचे असते. एकदाच, थोडी रक्कम घेऊन वर्षभरात मोठ्या फेरीकडे जाणाऱ्या कंपनीसाठी सेफच योग्य आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र दुसऱ्यांदा पैसे घेण्याची वेळ आली, आणि कंपनीची स्थिती त्या क्षणी चांगली असली, तर समभागांची छोटी फेरी करून नियंत्रणाच्या अटी तेव्हाच ठरवून घ्याव्यात, असे माझे मत आहे. वकिलावर वाचलेला खर्च तिसऱ्या सेफमध्ये दिलेल्या टक्क्यांपुढे क्षुल्लक असतो.

कॅप नसलेल्या, पण सर्वोत्तम अटींचा हक्क देणाऱ्या नमुन्याबद्दल थोडक्यात. वाय कॉम्बिनेटर २०२२ पासून आपल्या कंपन्यांना पाच लाख डॉलर देते, त्यांपैकी सव्वा लाख ७ टक्क्यांसाठी आणि पावणेचार लाख याच प्रकारच्या सेफवर. पुढे दिलेल्या सेफपैकी सर्वांत अनुकूल अटी त्या रकमेला लागू होतात. कंपनीने नंतर एक कोटीच्या कॅपने सेफ दिला, तर त्या पावणेचार लाखांचे ३.७५ टक्के होतात आणि एकूण वाटा १०.७५ वर जातो. म्हणजे कॅप खाली आणण्याची सूट एका नव्या गुंतवणूकदाराला दिली की ती आधीच्या मोठ्या रकमेलाही मिळते. कोणाच्याही ओळखीखातर कमी कॅपचा छोटा सेफ देताना हा गुणाकार करून पाहिलाच पाहिजे.

आता वर उल्लेखलेले वेगळे पत्र. रूपांतराच्या फेरीत आपल्या टक्क्यांच्या प्रमाणात नवे समभाग विकत घेण्याचा हक्क मूळ २०१३ च्या आवृत्तीशी निगडित होता, पण तो रूपांतरानंतरच्या फेरीसाठी होता. नव्या आवृत्तीत तो वेगळ्या, ऐच्छिक पत्रात ठेवला आहे आणि रूपांतराच्याच फेरीला लागू होतो. मागणारा तो अगदी किरकोळ सौजन्य म्हणून मागतो, आणि संस्थापक तसाच देऊन टाकतो. वरच्या उदाहरणात सगळ्या सेफधारकांकडे हे पत्र असेल, तर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शंभर नव्या समभागांपैकी तीस त्यांना देऊ करावे लागतील. सर्वांनी हक्क बजावला आणि नव्या गुंतवणूकदाराने आपले २० टक्के सोडण्यास नकार दिला, तर फेरी २० टक्क्यांची न राहता जवळजवळ २८.६ टक्क्यांची होते, आणि तोच १० टक्क्यांचा पूल धरून संस्थापकांचे ४४.१ टक्के ३८.७ वर येतात. हे पत्र म्हणून मोठी रक्कम देणाऱ्या आणि पुढच्या फेरीत खरोखर उपयोगी पडेल अशा एखाद्यालाच द्यावे, इतरांना नम्रपणे नाही म्हणावे, आणि दिलेल्या पत्रांची नोंद सेफच्या नोंदीशेजारीच ठेवावी, म्हणजे टर्म शीट, अर्थात गुंतवणूकदाराच्या मुख्य अटींचा मसुदा, समोर येण्याआधी संस्थापकाला खरा आकडा ठाऊक असेल.